साहेबांपाशी माल साठला

‘‘मॅडम, कामगार दिनालाच कामगारांकडून फुकटात माती उपसून घेणार? नोटीस बोर्डावर असंच लिहू का?’’ युनियनच्या सेक्रेटरींनी हे हसतहसत विचारलं, पण प्रश्न खरा होता. 1 मेची सुट्टी पगारी असते आणि ती आमच्याकडे कुणी सहजासहजी सोडत नाही. शेवटी ठरलं ते असं: ज्याला यायचं त्याने यावं, नाव द्यायची सक्ती नाही, आणि येणाऱ्याला नंतर एक बदली सुट्टी.

2018 सालची ही गोष्ट. मी चाकणच्या एका वाहन-सुटे भागांच्या कारखान्यात एचआरला होते. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा, म्हणजे पाणी अडवायच्या कामांत गावागावांची चढाओढ, त्या वर्षी 75 तालुक्यांत चालली होती आणि 1 मेला शहरातल्या लोकांनी गावांत येऊन महाश्रमदान करावं असं आवाहन होतं. आमच्या प्लांट हेडना कल्पना आवडली. वर्षाला ‘टीम बिल्डिंग’चा एक खर्च ठरलेला असायचाच, त्यातच हे बसवा म्हणाले.

तो खर्च तोवर जायचा मुळशीकडच्या एका रिसॉर्टवर. दोरीवरून चालायचं, डोळे मिटून मागे पडायचं, वर्तमानपत्राच्या घडीवर सहा जणांनी उभं राहायचं. दुपारी जेवण जड झालं की ट्रेनर पडद्यावर टकमन या मानसशास्त्रज्ञाच्या 1965 सालच्या पायऱ्या दाखवायचा: गट जमतो, भांडतो, रुळतो, मग कामाला लागतो. सिद्धांत चुकीचा आहे असं मला वाटत नाही. पण तिथे भांडण व्हायला काही कारणच नसायचं, कारण जायचे फक्त स्टाफ आणि परमनंट. शॉप फ्लोअरवर निम्म्याहून जास्त माणसं कंत्राटी, त्यांचा शर्ट करडा, आमच्यांचा निळा, आणि करडा शर्ट त्या बसमध्ये कधी चढलेला मी पाहिला नव्हता.

या वेळी करडे शर्टही न्यायचे असं मी सुचवलं, तेव्हा पहिला विरोध आला तो कायदा सल्लागारांकडून. कंत्राटी कामगार कायदा तेव्हा 1970 चा होता. उद्या कुणी कोर्टात गेलं की कंत्राट नावापुरतं आहे, आम्ही खरं तर कंपनीचेच, तर अशा कार्यक्रमांचे फोटो त्यांच्या बाजूने पुरावा होतील, असा त्यांचा मुद्दा. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण एकाच मशिनवर काम करणाऱ्या दोघांना एका बसमध्ये बसवण्याआधी वकिलाला विचारावं लागतं. तोडगा निघाला तो कागदी: ठेकेदाराने स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं की माझी माणसं स्वेच्छेने येत आहेत.

दोन बस पहाटे निघाल्या. जेजुरी, लोणंद, फलटण, मग मोगराळे घाट चढून माण तालुका. पर्जन्यछायेचा मुलूख. मेच्या सुरुवातीला डोंगर इतके भाजलेले होते की आमच्यातला एक ट्रेनी म्हणाला, इथे पाणी अडवायचं म्हणजे आधी पाणी आणायला हवं. गावच्या शाळेपाशी चहा झाला आणि एक ताई पुढे आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हातात ए-फ्रेम. त्यांनी स्पर्धेचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि त्या दिवशी आमच्या सुपरवायझर त्याच होत्या.

ए-फ्रेम म्हणजे दोन लाकडी पाय, मध्ये आडवी पट्टी, वरून सोडलेला दोरा आणि त्याला बांधलेला दगड. दोरा पट्टीवरच्या खुणेवर आला की दोन्ही पाय एकाच पातळीवर. अशी पावलं टाकत टेकडीच्या अंगावर फक्कीने रेष मारत जायची आणि त्या रेषेवर चर खोदायचा, म्हणजे पाणी चरात उभं राहतं, वाहत नाही. आमच्या क्वालिटीतल्या एका इंजिनिअरने शंका काढली, ‘‘ही खूणच चुकीच्या जागी असेल तर?’’ ताईंनी फ्रेम उलटी फिरवली, डावा पाय उजव्याच्या जागी ठेवला, दोरा कुठे येतो ते दाखवलं. ‘‘दोन खुणांच्या मधोमध खरी खूण. रोज सकाळी बघून घ्यायचं.’’ हा इंजिनिअर कारखान्यात पातळी बघायची स्पिरिट लेव्हल अशीच उलटी करून तपासतो. पुढचा तासभर तो ताईंच्या मागेमागे फक्की घेऊन फिरत होता.

खोदायला सुरुवात मात्र आम्ही आमच्या सवयीने केली. प्रॉडक्शन मॅनेजरांनी डिपार्टमेंटनुसार गट पाडले, प्रत्येकाला टार्गेट दिलं, मशीन शॉप विरुद्ध असेंब्ली. पहिला अर्धा तास आरोळ्याच आरोळ्या. मग तळहाताला फोड आले आणि आरोळ्या थांबल्या. त्यातच मशीन शॉपने चराची माती वरच्या अंगाला टाकलेली ताईंनी पाहिली. ‘‘आवं, पहिल्या पावसात ही समदी परत चरात येतीया. खालच्या अंगाला टाका.’’ सगळी माती पुन्हा उचलून पलीकडे टाकावी लागली. असेंब्लीवाले खूश, ‘रिवर्क, रिवर्क’ म्हणून ओरडायला लागले.

पेंट शॉपला माल चढवणारा एक कंत्राटी पोरगा होता, बीडकडचा. घरचे ऊसतोडीला जाणारे. तो इतका वेळ गप्प खोदत होता आणि त्याचा चर बाकीच्यांच्या दुप्पट पुढे गेला होता. प्रॉडक्शन मॅनेजरांनी त्याला विचारलं, तू कसं करतोस रे? त्याने आधी ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे पाहिलं. मग म्हणाला, गट मोडा. टिकाव येतो त्याने टिकावच मारायचा, त्याच्या मागे खोऱ्यावाला, दमले की अदलाबदल. ज्यांना दोन्ही जमत नाही ते ओघळीवर जाऊ देत, तिथे दगडी बांध घालायचाय.

‘‘आणि मी?’’ प्लांट हेडनी विचारलं.

‘‘तुम्ही दगडाच्या लायनीत या साहेब. टिकाव तुम्हाला झेपायचा नाही.’’

आमच्या कंपनीत प्लांट हेडशी असं कुणी बोलत नाही. मीही बोललेले नाही. साहेब क्षणभर थांबले, टोपी सारखी केली आणि ओघळीकडे चालायला लागले.

दगडांची साखळीही पोरानेच लावली. एक माणूस डोंगराकडे तोंड करून, पुढचा दरीकडे, म्हणजे कुणाला कमरेतून वळावं लागत नाही. समोरच्याकडून घ्यायचा, बाजूला द्यायचा. आठवड्याला लाइन बॅलन्सिंगवर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सारखं काम कसं येईल यावर, बैठका घेणारी आमची माणसं त्यात निमूट उभी राहिली. थोड्याच वेळात प्लांट हेडच्या पायाशी दगड जमू लागले. साठीला आलेला माणूस, त्यांचा दोष नव्हता. पण मशीन लावून देणाऱ्या, निळ्या शर्टातल्या एका जुन्या सेटरला राहवलं नाही: ‘‘बॉटलनेक सापडला! साहेबांपाशी माल साठला!’’

हसण्याचा जो स्फोट झाला त्यात सगळ्यात मोठा आवाज साहेबांचा होता. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये हेच वाक्य ते दुसऱ्यांना ऐकवायचे. पोराने कुणालाही न विचारता त्यांच्या शेजारी एक माणूस वाढवला आणि साखळी पुन्हा चालू झाली.

दहाच्या पुढे ऊन सोसेना. फक्कीवाल्या इंजिनिअरने टेप लावून हिशेब सांगितला: 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल, म्हणजे दर दहा मीटर चराला एका भरतीत 1800 लिटर. सेक्रेटरींनी तो आकडा दोनदा विचारून घेतला. ते नको नको म्हणत आले होते आणि खोऱ्यावरून हलले नव्हते.

न्याहारी पिठलं, भाकरी आणि खर्डा. पंगत मंदिराच्या ओसरीत, जागा मिळेल तिथे. कॅन्टीनमध्ये दोन रंगांची कुपनं, त्यामुळे दोन रांगा. इथे तसं काही नव्हतं. बीडच्या पोराशेजारी योगायोगाने प्रॉडक्शन मॅनेजर आले आणि मला दिवसातली सगळ्यात कामाची गोष्ट तिथे ऐकू आली. पोरगा म्हणाला, साहेब, पेंट शॉपच्या दारात फरशीचा जोड उचललाय, ट्रॉलीचं चाक अडकतं, म्हणून आम्ही पेट्या हाताने उचलून पलीकडे ठेवतो. मॅनेजरांचा घास हातातच राहिला. दारात खरचटलेले पार्ट्स कुठून येतात यावर त्यांनी मोठमोठे अहवाल लिहून घेतले होते.

‘‘मग कायझेनचा, सुधारणा सुचवायचा फॉर्म का नाही भरला?’’

‘‘त्यावर तिकीट नंबर लागतो. आम्हाला कुठे तिकीट नंबर?’’

तिकीट नंबर परमनंट कामगारालाच असायचा. फॉर्म एचआरचा. परत आल्यावर त्यातला तिकीट नंबरचा रकाना काढून गेट पासचा नंबर चालेल असं करायला मला कायदा सल्लागारांशी पुन्हा तेच भांडण भांडावं लागलं, आणि बक्षिसाची रक्कम ठेकेदारामार्फत द्यायची या अटीवर ते सुटलं. फरशीवर लोखंडी पट्टी मात्र त्याच आठवड्यात बसली. तिला काही खर्च नव्हता.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. शर्टांचे रंग तेच राहिले, कुपनंही. त्या वर्षी स्पर्धेत पहिलं आलं ते माण तालुक्यातलंच टाकेवाडी. आम्ही गेलो ते गाव दुसरं. सेक्रेटरींनी तरी युनियनच्या बोर्डावर ‘आपला तालुका पहिला’ असं खडूने लिहिलं. तो पोरगा दसऱ्यानंतर घरच्यांबरोबर तोडीला गेला. परत आला तेव्हा ठेकेदाराने त्याला नवीन म्हणून भरती केलं, कारण सलग दिवस मोजून कुणी कायम नोकरीचा हक्क सांगू नये ही ठेकेदारांची जुनी काळजी. माझ्या हातात तेव्हा एवढंच होतं की त्याला पुन्हा पेंट शॉपलाच द्या असं सांगणं.

पुढच्या वर्षीच्या बजेटच्या वेळी मुळशीच्या रिसॉर्टचं कोटेशन टेबलावर आलं, नेहमीसारखं फक्त स्टाफ आणि परमनंटच्या संख्येवर. मी करड्या शर्टांची संख्या मिळवून दर पुन्हा मागवला. आकडा दुपटीहून वर गेला, आणि विषय पुढच्या तिमाहीवर ढकलला गेला.