मुखपृष्ठ नसलेला ‘आयर्लंड्स ओन’: साल सापडलं!

माझ्याकडचा ‘आयर्लंड्स ओन’ या आयरिश साप्ताहिकाचा हा मुखपृष्ठ नसलेला अंक 1944चा असल्याचं मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं. शब्द मागे घेतो.

फसलो तो एका जाहिरातीमुळे. लंडनमधला आयरिश नाच, सेंट पॅट्रिकची रात्र, शुक्रवार 17 मार्च. 17 मार्चला शुक्रवार कधी होता हे बघायला कॅलेंडरं पालथी घातली: 1939, 1944, 1950, 1961, 1967. कागद पातळ म्हणून युद्धकाळ धरून बसलो. माळ्यावर दशकानुदशकं पडलेला कुठलाही स्वस्त कागद असाच दिसतो, हे सुचलंच नाही. ‘किटी द हेअर’ची गोष्ट आहे, पण तिचा उपयोग शून्य. व्हिक्टर ओ’डी. पॉवरच्या त्या भुताखेतांच्या गोष्टी अंकवाल्यांनी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापल्या. तिकीट साडेसात शिलिंग, म्हणजे फेब्रुवारी 1971मध्ये शिलिंगचा हिशेब जाऊन दशमान नाणी आली त्याच्या आधीचा अंक. गाडी तीन आठवडे तिथेच रुतली.

परवा गंजलेल्या पिना काढायला घेतल्या. (पिना उपटायचं ते चिमटेवजा यंत्र फेकून द्या, पान फाटतं. लोणी लावायची बोथट सुरी उत्तम.) मधली दोन पानं ओलीने चिकटलेली, ती सुटली आणि आत वाचकाचं पत्र निघालं: टेलिफीश एरन आल्यापासून घरात कोणी गोष्ट सांगत नाही! ही आयर्लंडची टीव्ही वाहिनी सुरू झाली 31 डिसेंबर 1961च्या रात्री. म्हणजे उरलं एकच साल, 1967. रात्री साडेअकराला एकटाच ओरडलो.

गंमत बघा. ब्रिटनहून येणाऱ्या स्वस्त अंकांपासून आयरिश घरं राखायला 1902मध्ये वेक्सफर्डहून हे साप्ताहिक निघालं, आणि पासष्ट वर्षांनी त्याच्या वाचकाला खुपतोय तो स्वतःच्याच देशाचा टीव्ही.

आता दुखणं. गाण्यांच्या पानावर कात्रीने कापलेला चौकोन आहे, कडा अगदी सरळ. छायाप्रत चिकटवून भोक बुजवायचं ठरवलं होतं, जपानी कागदही मागवला. पण लिहिता लिहिता वाटतंय, नको. कोणीतरी ते गाणं खिशात घालून नाचाला नेलं असेल, असू दे ते भोक तसंच. शेजारच्या स्तंभात फक्त शेवटच्या कडव्याची दीड ओळ उरलीय, त्यावरून गाणं ओळखता येत नाही. मार्च 1967चा अंक कोणाकडे असेल तर विकू नका, त्या पानाचा फोटो तेवढा पाठवा.