तुम्ही विचारलंत म्हणून: स्पेस दिसली की मजकूर तोडायचा, त्यात सुधारायचं काय?

पार्सर म्हणजे वाक्यातल्या शब्दांची नाती (कर्ता कोणत्या क्रियापदाचा वगैरे) ओळखणारा प्रोग्राम. अशा एका मुक्तस्रोत पार्सरच्या टोकनायझरवर, म्हणजे मजकुराचे शब्द-चिन्हांसारखे तुकडे (टोकन) पाडणाऱ्या भागावर, काम करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. शब्दांमध्ये मोकळी जागा असतेच, मग अडतं कुठे?

टिंबाशी, बहुतेकदा. ‘क्र.’मधलं टिंब शब्दाचं, ‘गेला.’मधलं वाक्याचं, ‘३.५’मधलं आकड्याचं. कोणी ‘वि.वा.शिरवाडकर’ असं सलग लिहितं. त्यासाठी अक्षरांमधल्या टिंबावर तोडायला सांगितलं की वेबपत्त्यांचे तुकडे पडतात. स्वल्पविराम त्यातल्या त्यात बरा, पण ‘१,२५,०००’ तिथेही आहेच.

देवनागरीत याच्याही आधी घोळ होतो. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या ‘री’ (re) मॉड्यूलमध्ये, म्हणजे मजकुरात नमुने शोधणाऱ्या भागात, शब्दातलं अक्षर ओळखणारं जे चिन्ह आहे, ते काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. त्यावर विसंबलात तर ‘मुलगी’चे ‘म’ आणि ‘लग’ हातात येतात. (हे पहिल्यांदा बघणारा आपलाच फॉन्ट बिघडला समजतो.) आणि ‘दऱ्या’? ती ‘ऱ’ला हलन्त जोडूनही लिहिता येते आणि साध्या ‘र’ला हलन्त नि अदृश्य जोडचिन्ह देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखीच. पण युनिकोडचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एका रूपात आणणं) चालवलं तरी ती एक होत नाहीत.

मग दोन्ही एकाच रूपात बदलून टाकायची? मूळ मजकुरात तरी नाही. स्पेसी (spaCy) या भाषाप्रक्रियेच्या मुक्तस्रोत लायब्ररीमध्ये टोकन पुन्हा जोडले की मूळ मजकूर जसाच्या तसा मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. नाहीतर चूक मजकुरात नेमकी कुठे आहे ते दाखवता येत नाही. प्रमाण रूप टोकनच्या शेजारी वेगळं ठेवावं.

‘घरासमोरच्या’ टोकनायझरनेच सुटं करावं, असाही आग्रह होतो. माझा विरोध आहे. शेवटचा ‘चा’ कापायला निघालात तर ‘त्वचा’ आणि ‘ऋचा’ही कापल्या जाणार. ते काम रूपविश्लेषकाचं, म्हणजे शब्दाचं मूळ आणि प्रत्यय ओळखणाऱ्या भागाचं.

शिवाय पार्सर ज्या वृक्षकोशावर (रचना खुणावून ठेवलेल्या वाक्यांच्या संग्रहावर) शिकलाय, त्यातली तोड आणि आपली तोड जुळावी लागते. एक टोकन जास्तीचं पडलं की कर्ता भलत्याच क्रियापदाला जाऊन चिकटतो. म्हणून कोणताही नवा नियम आला की आधी जुनी सगळी वाक्यं पुन्हा तपासून घेते. तुम्हाला हातभार लावायचा असेल तर कोड यायलाच हवा असं नाही. चुकीचं तुटलेलं वाक्य आणि ते कसं तुटायला हवं होतं, एवढं पाठवा.