पेट्रोल वाढलं की आमचा पगार कमी व्हायचा

दवाखान्याच्या बाकावर पेशंटांच्या शेजारी टाय बांधून, मांडीवर काळी बॅग घेऊन बसलेला इसम तुम्ही नक्की पाहिला असेल. आत जाऊन दोन मिनिटं बोलतो, सॅम्पल ठेवतो आणि निघतो. तो मी. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. कोल्हापूर हेडक्वार्टर, आणि त्याखाली गडहिंग्लज, आजरा, राधानगरी, गगनबावडा. घाट उतरून वैभववाडी, कणकवली, सावंतवाडी. आता निवृत्त आहे, पण पेट्रोलचा विषय निघाला की अजून डोकं तापतं.

त्याचं कारण साधं आहे. ऑफिसात जाणाऱ्या माणसाला पेट्रोल वाढलं तर महिन्याला शे-दोनशेचा फटका. आमची गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतः भरायचं आणि कंपनी किलोमीटरमागे ठरावीक पैसे देणार. तो दर दोन-तीन वर्षांनी कधीतरी हललाच तर हलायचा. पंपावरचा भाव मात्र दिल्लीच्या लहरीवर. मधली तफावत आमच्या खिशातून. त्यामुळे दरवाढीच्या तारखा माझ्या डोक्यात अशा बसल्यात की बायको म्हणते, आमच्या लग्नाची तारीख अशी कधी आठवली नाही तुम्हाला.

पहिली आठवण माझी नाही, वडिलांची. त्यांच्याकडे जावा मोटारसायकल होती. १९७३ ला अरब देशांनी तेल आखडलं आणि इथे भाव एकदम चढले. वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले ते तेव्हाच, नोव्हेंबरात. वडील जनसंघाचे वगैरे नव्हते, पण तो किस्सा ते पुढे कितीतरी वर्षं सांगायचे. मग म्हणायचे, "त्यांना एक दिवस जायचं होतं बैलगाडीतनं. आम्हाला रोज जायचंय." जावा त्यानंतर फक्त रविवारी निघायची.

मी नोकरीला लागलो १९८८ ला. कर्ज काढून सीडी १०० घेतली, कारण त्या काळात सगळे एमआर तीच घेत. लिटरला सत्तर-ऐंशी किलोमीटर देणारी गाडी आमच्यासाठी देवच होती. पेट्रोल तेव्हा दहाच्या आत. किलोमीटर भत्त्यातून चार पैसे उरायचे, हेही कबूल करतो. आमच्यातले जुने लोक त्याला 'दुसरा पगार' म्हणायचे.

तो दुसरा पगार सद्दाम हुसेनने खाल्ला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि महिन्या-दोन महिन्यांत आपल्याकडे पंपांवर रांगा. ऑक्टोबरात व्ही. पी. सिंगांच्या सरकारनं पंचवीस टक्के अधिभार लावला. भाव दहाच्या वर गेला तो कायमचा. त्यातून सावरतोय तोवर जुलै १९९१ चं मनमोहन सिंगांचं बजेट. लोक ते उदारीकरणासाठी लक्षात ठेवतात, मी पेट्रोलवरच्या वीस टक्क्यांसाठी. या सगळ्यात आमचा भत्ता जागच्या जागी. वरून मॅनेजरचं पत्र आलं, इंग्रजीत, की सर्वांनी प्रवासाचं नियोजन काटकसरीनं करावं. काटकसर म्हणजे काय, तर वैभववाडीला जाऊन कणकवली न करता परत यायचं का? डॉक्टर काय घाटात येऊन भेटणार होते?

त्या दिवसांत आम्ही रिझर्व्हवर, म्हणजे टाकीच्या तळाशी राखून ठेवलेल्या पेट्रोलवर, जगायला शिकलो. आजच्या पोरांना ही भानगड माहीत नाही, त्यांना काट्यावर सगळं दिसतं. टाकीखाली डाव्या अंगाला पेट्रोलचा कॉक. चालता चालता गाडीनं आचका दिला की हँडल न सोडता डावा हात खाली घालून कॉक फिरवायचा, गाडी थांबायच्या आत. रिझर्व्हही संपलं की शेवटचा इलाज. टाकी मधल्या पाइपावर खोगिरासारखी बसलेली असते, त्यामुळे उजव्या पोटात थोडं पेट्रोल अडकून राहतं. गाडी डाव्या बाजूला चांगली कलती करायची, जवळजवळ आडवी, की ते डावीकडे उतरतं. उतरताना आवाज येतो, गुळगुळ असा बारीक. तो आवाज आला की पाच-सात किलोमीटरची सोय झाली. दाजीपूरच्या जंगलात, बॅगेतली सॅम्पलं रस्त्याकडेला ठेवून, टाय खांद्यावर टाकून मी गाडी आडवी केलीय, आणि मागून एसटीतले लोक 'पडला वाटतं' म्हणून खिडकीतून बघतायत.

खाली कोकणात पंप लांब लांब. मग वाण्याच्या दुकानात बाटलीतलं पेट्रोल. घेताना बाटली उन्हात धरायची, निळसर झाक दिसली तर ठेवून द्यायची, कारण रेशनचं रॉकेल निळं असतं. रॉकेल स्वस्त आणि पेट्रोल महाग, दोन्हींतलं अंतर जसं वाढत गेलं तशी भेसळ वाढत गेली. आम्ही त्यावर विनोद करायचो. जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भरदिवसा जिवंत जाळलं, त्यानंतर तो विनोद कोणी केला नाही.

रात्री बाराच्या रांगा ही मात्र निखळ मौज होती. भाववाढ मध्यरात्रीपासून लागू, बातमी संध्याकाळी. बातमी आली रे आली की सगळं गाव पंपावर. २३ मे २०१२ ची रात्र मला स्वच्छ आठवते, कारण एका झटक्यात साडेसात रुपये वाढले होते. जेवत होतो, टीव्हीवर खाली पट्टी फिरली. हात धुतला आणि निघालो. रांग पंपातून बाहेर येऊन चौकात वळलेली. कुणी दूध आणायची किटली घेऊन आलेलं, त्याला पोरं ओरडतायत. स्कूटरवर बायको आणि दोन पोरं घेऊन आलेला एकजण पोरांना तिथंच आइस्क्रीम घेऊन देत होता; म्हटलं, याचं वाचणार किती आणि गेलं किती! साडेदहाला पंपवाल्यानं मशीनला दोरी बांधली आणि पुठ्ठा लावला, 'पेट्रोल संपले'. पुढचा म्हातारा शांतपणे म्हणाला, "बारा वाजून पाच मिनिटांनी येतंय बघा आता टाकीत, आपोआप." शिव्या, ढकलाढकली, पोलिसांची जीप. तासाभरानं दोरी सुटली. मी टाकी फुल्ल केली आणि घरी येऊन हिशेब घातला. गाडी साठ देते धरलं तर किलोमीटरला साडेबारा पैसे वाढ. महिन्याला दोनेक हजार किलोमीटर, म्हणजे अडीचशे रुपये. भत्ता वाढला पुढच्या वर्षी, किलोमीटरला दहा पैसे.

त्याच वर्षी आमच्या सावंतवाडीच्या टूरला अचानक महत्त्व आलं. एप्रिल २०१२ पासून पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट नावापुरता, ०.१ टक्का ठेवला. भाव पंचावन्नच्या आसपास आला, आपल्याकडे सत्तर. बांद्याच्या पुढे पत्रादेवी ओलांडली की पंपावर निम्म्या गाड्या एमएच ०७, आपल्या सिंधुदुर्गातल्या. सावंतवाडीचे एक डॉक्टर, एरवी मला पाऊण तास बसवून ठेवणारे, "गोव्याकडं जाणार असाल तर..." म्हणून स्वतः बाहेर आले. कॅन मी घेतला नाही, पण त्या महिन्यात कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, मात्र झटपट होत गेले. इकडे कोल्हापूरकरांना निपाणी होतीच. कागल सोडून कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटकातलं पेट्रोल, आपल्यापेक्षा स्वस्त, आणि पाट्या मराठीतच. लग्नाला संकेश्वरला जायचं म्हटलं की आधी प्रश्न, "टाकी रिकामी आहे ना?" जून २०२४ मध्ये कर्नाटकानं तीन रुपये चढवले, तेव्हापासून ती मजाही आटली.

बाहेर तेल स्वस्त झाल्याचा फायदा मात्र माझ्या टाकीपर्यंत फारसा कधी आला नाही. २०१४ च्या शेवटी कच्चं तेल कोसळायला लागलं, तर केंद्रानं अबकारी कर सव्वा वर्षात नऊ वेळा वाढवला. २०१५ च्या ऑक्टोबरात आपल्या राज्यानं लिटरला दोन रुपये दुष्काळाचे म्हणून लावले. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, अधिभाराला कोणी सांगितलं नसावं. एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकेत कच्च्या तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला, आणि मे महिन्यात आपल्याकडे पेट्रोलवर दहा रुपये अबकारी वाढली. पंपावरच्या आकड्याला पत्ताही लागला नाही. लॉकडाऊनमध्ये आम्ही डॉक्टरांना मोबाइलवर भेटत होतो, म्हणून मलाही लागला नाही.

माझं एक ठाम मत आहे. १६ जून २०१७ ला रोजच्या रोज भाव बदलायची पद्धत आली आणि दरवाढ नावाची घटनाच संपली. पूर्वी वाढीला तारीख असायची. त्या तारखेला मोर्चा निघायचा, कुणीतरी स्कूटर हातगाडीवर चढवून मिरवायचा, विरोधी पक्षाला काम असायचं, आणि आम्हाला कंपनीला लिहायला मुद्दा असायचा: 'अमुक तारखेपासून पाच रुपये वाढले, सबब...' मग आज सकाळी सहाला बारा पैसे, उद्या अठरा पैसे, असं सुरू झालं. बारा पैशांसाठी कोण मोर्चा काढणार? टोलविरोधात वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून टोल घालवलेलं हे कोल्हापूर, पण पैशापैशानं चढणाऱ्या पेट्रोलपुढे गप्प बसलं. बरं, भाव रोज बाजाराप्रमाणे बदलतो म्हणावं, तर २०२१ च्या दिवाळीपासून पुढे साडेचार महिने, उत्तर प्रदेशची निवडणूक होईस्तोवर, तो जागचा हलला नाही. निकालानंतर २२ मार्च २०२२ ला हलला आणि पंधरवड्यात दहा रुपये चढला. मुंबईत १२० च्या वर.

शंभरीचंही तेच झालं. मुंबईनं मे २०२१ च्या अखेरीस शंभर ओलांडले. परभणीकर त्या आधीच ओलांडून बसले होते, कारण त्यांचं पेट्रोल मनमाडच्या डेपोतून तीनशेहून जास्त किलोमीटर टँकरनं येतं. काही जुन्या मशीनवर तीन आकडी भाव दाखवायला जागाच नव्हती. मशीन बनवणाऱ्याच्या स्वप्नातही शंभर नसावेत. आमच्याकडे नेमके कुठल्या दिवशी झाले, विचाराल तर मला सांगता येणार नाही. मला! "आपल्याला काय, आपण शंभरचंच टाकतो" हा विनोद मात्र त्या सुमाराला बंद पडला, कारण शंभरात लिटरही येईना.

मध्यंतरी गगनबावड्याला गेलो होतो. चहाच्या टपरीवर एक एमआर भेटला, पंचविशीतला पोरगा, भिजलेला. ओळख निघाली, म्हटलं भत्ता किती देतात आता? त्यानं आकडा सांगितला. मी मनात लगेच भागाकार केला. आमच्या वेळेपेक्षा फार बरा नव्हता. म्हटलं, निदान एक्स्पेन्स स्टेटमेंट तरी हातानं भरायचं नाही ना? तो हसला. "नाही सर, ॲप आहे. जीपीएसवर जेवढे किलोमीटर दिसतात तेवढेच पैसे. पण करूळ घाटात रेंज जाते. वैभववाडीला गेल्यावर परत सुरू होतं."

"मग घाटाचे किलोमीटर?"

"ते आमच्याकडनं, सर," म्हणाला, आणि हेल्मेट चढवून उतरायला लागला.