बुजऱ्या माणसाचा ओव्हरटाइम

बुधवार, रात्री

आज पुन्हा मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. प्रश्न माझ्याच कामाचा होता: टू-बी (सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवर तयार होणारी यादी) आणि खरेदीचं रजिस्टर जुळत का नाही? उत्तर मला पाठ होतं. एका सप्लायरने जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरायला ११ तारीख उलटवली, त्यामुळे १४ ला तयार झालेल्या टू-बीत त्याची बिलं आलीच नाहीत; पुढच्या महिन्यात दिसतील. दोन वाक्यांचं काम. पण मी ती मनात जुळवेपर्यंत शेजारचा "बघून सांगतो सर" म्हणून मोकळा झाला. मग जागेवर येऊन मी तेच सगळं मेलवर लिहिलं, आकड्यांसकट.

गप्प बसण्याने कोणी दमत नाही. दमवते ती आधीची तालीम. साहेबांकडे अर्धी रजा मागायची तरी केबिनच्या दारापर्यंत वाक्य घोकत जाते. बोलताना निम्मं लक्ष स्वतःच्या आवाजाकडे, आणि घरी कुकर लावता लावता तेच परत उगाळायचं. ही कामाची वेगळी पाळीच आहे, फक्त हिचा ओव्हरटाइम मिळत नाही. झोपेचं खोबरं होतं ते निराळंच.

ऑफिसात मला एकलकोंडी समजतात. ते काही खरं नाही. डबा खायला सगळ्यांबरोबर बसायला मला आवडतं, कुणाच्या सासूने काय केलं ते ऐकायलाही. जोनाथन चीक आणि अर्नॉल्ड बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये नेमकं हेच वेगळं काढून दाखवलं: बुजरेपणा म्हणजे माणसांची नावड नव्हे. अनोळखी मुलींना जोडीजोडीने गप्पा मारायला बसवलं, तेव्हा सर्वांत अवघडल्या त्या बुजऱ्या असूनही ज्यांना माणसं हवीशी वाटत होती त्या. ज्याला एकटं राहायला आवडतं तो कोपऱ्यात सुखी असतो. आमची पंचाईत अशी की कोपरा नको असतो आणि मधे जायचा धीर होत नाही.

अप्रेझलच्या फॉर्मात 'पुढाकार' नावाचा रकाना आहे. तिथे दरवर्षी माझे गुण कापले जातात. बोलणाऱ्याची बोरं विकतात, असं आई म्हणायचीच. पण गुण देणाऱ्यांनी कधी माझे मेल मोजलेत का? (मोजले तर कंटाळतील.)

"बिनधास्त बोलायचं गं" हा सल्ला आता बास. बिनधास्त व्हायला जमलं असतं तर सल्ला कशाला लागला असता? त्यापेक्षा मुद्दे आदल्या दिवशी हातात आले की मी बोलते, हा माझा अनुभव आहे. नव्या ऑडिटरबाई तसे पाठवतात, आणि त्यांच्यासमोर मी चक्क वादसुद्धा घातलाय, घसाऱ्याच्या दरावरून. आमच्या साहेबांना तेवढंच सांगायचंय: मुद्दे आधी पाठवा. सांगेन. बहुतेक मेलवर.