हात पुढे करा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींच्या वह्या तपासून माझी एक खात्री पटली आहे. आमच्या वॉर्डात कुणाचेही केस पिकत नाहीत. ‘केस काळे, कोंडा नाही, उवा नाहीत. नखं स्वच्छ, कापलेली. त्वचा नॉर्मल.’ पेशंट ऐंशीचे आजोबा असोत, पार टक्कल पडलेले असोत, मजकूर तोच. एक मुलगी दुसरीचं बघून लिहिते, दुसरी गेल्या वर्षीच्या बॅचचं. मूळ वही शोधायला निघालं तर बहुतेक इंग्रजांच्या अमदानीपर्यंत जावं लागेल.

डोक्यापासून पायापर्यंतच्या तपासणीत त्वचा, केस, नखं हा भाग सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात आधी उरकला जातो. छाती तपासायची तर निदान स्टेथोस्कोप मिरवता येतो. नखांत काय मिरवायचं? ती तर शाळेत प्रार्थनेनंतर बाईसुद्धा बघायच्या. फरक एवढाच की बाई मळ शोधायच्या, आणि आम्हाला मळ धुतल्यावर काय दिसतं ते हवं असतं.

हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सहाएक महिने लागतात. पायाच्या अंगठ्याचं नख आळशी, ते वर्ष-दीड वर्ष घेतं. म्हणजे आत्ता हे वाचताना तुमच्या बोटांवर गेल्या सहा महिन्यांची नोंद आहे. टायफॉइड, डेंग्यू, न्यूमोनिया असलं मोठं दुखणं आलं की शरीर नख घडवायचं काम काही दिवस बाजूला ठेवतं आणि तेवढ्या जागी आडवी खाच पडते. जोसेफ बो या फ्रेंच डॉक्टरांनी 1846 मध्ये या खाचांचं वर्णन केलं, त्यामुळे पुस्तकात त्या ‘बो रेषा’ म्हणून येतात.

वॉर्डात एक ताई होत्या, पोटदुखीसाठी भरती झालेल्या. सलाईन बघायला गेले आणि त्यांच्या अंगठ्यावर नजर गेली. मुळापासून सहा-सात मिलिमीटरवर आडवी खाच. माझं नख त्यावरून फिरवलं की अडकायचं. एकाच बोटावर असती तर दारात चेमटलं असेल म्हणून सोडून दिलं असतं, पण इथे दोन्ही हातांच्या बहुतेक बोटांवर, जवळपास एकाच रांगेत. विचारलं, “ताई, दोन-अडीच महिन्यांपूर्वी मोठं दुखणं काढलंत का?” त्यांनी आधी नवऱ्याकडे संशयानं बघितलं, याने सांगितलं की काय म्हणून. मग म्हणाल्या, “डेंग्यू झालेला की. गणपतीतच.” नवऱ्याने ताबडतोब आपला तळवा पुढे केला, “सिस्टर, माझं पर्मनंटचं कधी होतंय बघा.” त्यांना सांगावं लागलं की आम्हाला फक्त मागचं दिसतं.

नखांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल मात्र आमच्या लहानपणच्या शास्त्राला तोड नव्हती. ठिपका आला की नवे कपडे मिळणार. उडत्या बगळ्यांना नखं दाखवून आम्ही ते ठिपके मागूनही घ्यायचो. हल्ली त्याच ठिपक्यांवर आया कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतात. बहुतेक वेळा ते नखाच्या मुळाला कधीतरी लागलेल्या बारीकशा ठोशाचे असतात आणि नख वाढेल तसे पुढे सरकून कापले जातात. दोन्हींत मला बगळेच बरे वाटतात, निदान फुकट होते.

वर्गात सगळ्यात रंगणारा तास क्लबिंगचा. फुप्फुसाच्या, हृदयाच्या काही जुनाट आजारांत बोटांची टोकं फुगतात आणि नखाच्या मुळाशी असलेला कोन भरून येतो. तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही हातांची सारखी बोटं घ्यायची आणि नखाला नख, पाठीला पाठ लावायची. मुळांच्या मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसली तर ठीक. फट बुजली असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालायचं. ही खूण दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी 1976 मध्ये नोंदवली, आणि ती त्यांना सापडली स्वतःच्याच बोटांवर, हृदयाच्या झडपांना संसर्ग झाला होता तेव्हा. एवढ्या आजारपणात पडल्या पडल्या आपली नखं एकमेकांना लावून बघणाऱ्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते. हे सांगून झालं की अख्खा वर्ग बोटं जोडून खिडकीकडे धरतो आणि पुढची पाच मिनिटं मला कुणी ऐकत नाही.

खरी पंचाईत रंगाची. वहीत ‘त्वचेचा रंग’ असा रकाना असतो आणि मुली तिथे स्थळाच्या जाहिरातीतला ‘गव्हाळ’ उचलून ठेवतात. मला त्याचा काडीचा उपयोग नाही. हा माणूस स्वतःच्या नेहमीच्या रंगापेक्षा फिका आहे का, पिवळा आहे का, एवढंच हवं असतं, आणि ते घरच्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. “महिन्यापूर्वी असा नव्हता हो तोंडावळा,” हे आईचं वाक्य मी लॅबच्या रिपोर्टाइतकंच मानते. पुस्तकं ‘लालसर’ म्हणतात आणि शेजारी गोऱ्या पाठीचा फोटो छापतात. आमच्या सावळ्या अंगावर तीच लाली जांभळट नाहीतर नुसती जास्त गडद दिसते, पुष्कळदा दिसतच नाही. मग हाताची मागची बाजू टेकवून ऊब बघायची, कडकपणा चाचपायचा. फिकटपणा बघायचा तर खालच्या पापणीच्या आत, जिभेवर, तळव्यावर. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, तीही खिडकीच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली नाही. 2020 मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातल्या मालोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने दोन शिक्षकांना बरोबर घेऊन काळ्या-सावळ्या त्वचेवर आजार कसे दिसतात याची हस्तपुस्तिका काढली. एका विद्यार्थ्याला ते करावं लागलं, यातच काय ते आलं. आमच्याकडे आणखी एक अडचण, मेंदी. लग्नसराईत भरती झालेल्या बाईचा तळवा फिका की लाल, हे कुणी सांगावं?

हल्ली नातेवाईक पुरळाचा फोटो मोबाइलवर पाठवतात आणि लगेच निळ्या खुणेची वाट बघतात. फोटोला हात लावता येत नाही, हे त्यांना पटवणं कठीण. खरखरीत आहे की गुळगुळीत, दाबल्यावर लाली विरते की तशीच राहते, हे बोटालाच कळतं. त्यातून फोटो येईपर्यंत मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब आठवडाभर चोळून झालेली असते. गजकर्णावर स्टेरॉइडचं मलम लावलं की खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. गजकर्णाची ती ठसठशीत गोल कडाच पुसली जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो.

एक चट्टा मात्र खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कुणी दाखवतच नाही. फिकट चट्टा दिसला की मी कापसाची वात करते. आधी चांगल्या त्वचेवर टेकवून दाखवते, मग पेशंटला डोळे मिटायला सांगते आणि जिथे स्पर्श कळेल तिथे बोट ठेवायला. चट्ट्याबाहेर बोट अचूक येतं. चट्ट्यावर वात टेकवली आणि तो तसाच डोळे मिटून वाट बघत बसला, तर कुष्ठरोगाच्या तपासणीला पाठवायचं. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो, हे मात्र त्याच दमात सांगावं लागतं, नाहीतर माणूस पुन्हा फिरकत नाही.

केसांबद्दल फार सांगत नाही, त्यावर सगळं जग बोलतंच आहे. फक्त बाळंतिणींसाठी एक. बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात. कारण चुकलंय, पण निरीक्षण पक्कं आहे. बाळंतपणानंतर पुष्कळसे केस एकदमच विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात, नेमके बाळ तोंडाकडे बघून हसायला लागतं तेव्हा. परत येतात. शांपू बदलू नका.

गेल्या बॅचच्या एका मुलीला मी एका आजींची नखं तपासायला बसवलं. चमच्यासारखी खोलगट आहेत का, थेंब ठेवला तर राहतो का, लोह कमी असलं की असं होतं, वगैरे सांगून मी पुढच्या कॉटकडे वळले. मागे वळून बघते तर आजींनीच तिचा हात धरलेला. तिची नखं उजेडाला धरून, अंगठ्याने दाबून बघत होत्या. “मॅडम, माझं काय बघताय, या पोरीचं बघा. पांढरीफटक पडलीय. मेसमध्ये जेवते का नाही ही?” मुलगी लाजून हात सोडवत होती, आजी सोडत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, हे तिनेच वहीत सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं. आजी घरी जाईपर्यंत रोज सकाळी तिला बोलावून विचारायच्या, “गोळी घेतलीस का? दाखव हात.” आणि ही बया त्यांच्या कॉटकडे जायच्या आधी ग्लोव्हज चढवायची.