आमची वाटचाल : आधी मोजणी, मग खरेदी

ताई आणि मी मिळून कॉम्प्युटर जुळवून द्यायचं काम सुरू केलं, तेव्हा बेटिंग सॉफ्टवेअर हा विषय आमच्या डोक्यातही नव्हता. ग्राहकाची गरज विचारायची, प्रोसेसर-रॅम निवडायची, मशीन जोडून विंडोज टाकून द्यायचं आणि पुढे वर्षभर त्याची काळजी घ्यायची, एवढाच व्याप. एका ग्राहकाच्या कामात आमचा अंदाज साफ चुकला. ती चूक निस्तरता निस्तरता आजचा धंदा, म्हणजे बेटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं मशीन आणि नेट तपासून नीट लावून देण्याचा, उभा राहिला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हे गृहस्थ बेटिंग एक्सचेंजवर व्यवहार करत. एक्सचेंजवर भाव बुकी ठरवत नाही. एक जण पैज लावतो, दुसरा तिच्या विरुद्ध बाजू घेतो आणि भाव शेअर बाजारासारखा क्षणाक्षणाला हलत राहतो. २००० साली बेटफेअर हे एक्सचेंज सुरू झालं आणि ही पद्धत रुळली. व्यवहार करणाऱ्याच्या पडद्यावर भावांची उभी शिडी असते. कुठल्या भावाला किती पैसे थांबलेत ते पायरीपायरीवर दिसतं. त्यांची तक्रार अशी, "शिडी मधेच गोठते. दोन-तीन सेकंद काहीच हलत नाही, मग भाव एकदम पाच-सहा पायऱ्या पुढे गेलेला दिसतो. तोवर मी दाबलेली ऑर्डर जुन्या भावाला गेलेली असते."

आम्ही ऐकलं आणि लगेच नवं मशीन दिलं. आठ कोअरचा (म्हणजे आत काम करणारे आठ भाग असलेला) प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, वेगवान एसएसडी डिस्क. नेटचा प्लॅनही ३०० एमबीपीएसचा घ्यायला लावला. आठवडा झाला आणि त्यांचा फोन आला, "तसंच होतंय हो."

ताई त्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसली. काळ्या खिडकीत पिंग (संदेश जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवलं आणि आकडे बघत राहिली. १९, १८, २१, १९. तासभर असंच. मग अचानक ४६०, ८१०, ११४०. शिडी गोठली. थोड्या वेळाने आकडे पुन्हा विशीत. ताईने घरात विचारलं, "आत्ता कोणी काय लावलं?" मुलगी बाहेरून आली होती आणि तिने फोन चार्जिंगला लावला होता. फोन घरच्या वाय-फायवर आला की दिवसभराचे फोटो आपोआप वर चढवायला लागायचा.

डाउनलोड ३०० चा असला, तरी त्या लाइनचा अपलोड त्याच्या कितीतरी पट कमी होता. फोटोंनी तो भरून टाकला. राउटरने येईल ते पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, रांगेत उभं केलं आणि ऑर्डरचं एवढंसं पॅकेट फोटोंच्या ढिगामागे अडकलं. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या प्रोग्रॅमरने २०१० च्या सुमारास ते सगळ्यांच्या नजरेस आणलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्क-संशोधकांनी कोडेल नावाचा उपाय मांडला. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं यावर तो लक्ष ठेवतो आणि रांग तुंबूच देत नाही. त्याच वंशातला एफक्यू-कोडेल ज्यात चालतो असा राउटर आम्ही बसवला आणि अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या क्षमतेच्या थोडी खाली बांधली. मग ताईने मुद्दाम फोटो चढवायला लावले. पिंग १९ वरून २७ वर गेलं, तिथेच थांबलं. नवं मशीन आम्ही पूर्ण पैसे देऊन परत घेतलं, कारण त्यांच्या जुन्या मशीनमध्ये काहीच खोट नव्हती.

तेव्हापासून आमचा नियम आहे. आधी सात दिवस मोजणी, मग काय घ्यायचं ते बोलणं. ग्राहकाच्या मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम ठेवतो. पिंग, पॅकेट गळती, प्रोसेसरचा भार आणि मोकळी रॅम यांची तो सेकंदासेकंदाला नोंद करतो. सरासरीकडे आम्ही फारसं बघत नाही. दिवसातली सगळ्यात वाईट दहा मिनिटं बघतो, कारण माणसाचं नुकसान तिथेच होतं. पिंग सतत ६० असेल तर त्या हिशोबाने काम करता येतं. २० चं मधेच ९०० होणार असेल तर कशाचाच भरवसा राहत नाही.

लोकांना वाटतं की बेटिंग सॉफ्टवेअरला नेटचा मोठा आकडा लागतो. एका सामन्याच्या भावांचा प्रवाह फार बारीक असतो, साधा व्हिडिओसुद्धा त्याच्या कितीतरी पट डेटा खातो. महत्त्वाचं आहे ते एक्सचेंजच्या सर्व्हरपर्यंतचं अंतर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १००० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद लागणार आणि ६००० वर असेल तर ६०. तारा सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. कितीही महाग प्लॅन घ्या, हे कमी होत नाही. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचं नेट असेल तर एका फेरीला अर्धा सेकंद जातो. अशा ग्राहकाला आम्ही स्पष्ट सांगतो की या लाइनवर हे काम करू नका.

अंतरावर उपाय म्हणून आम्ही सर्व्हरजवळच्या डेटा सेंटरमध्ये व्हीपीएस, म्हणजे दुरून चालवायचं भाड्याचं मशीन, लावून द्यायला लागलो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. नियम आधीच लिहून ठेवले असतील आणि सॉफ्टवेअर आपलं आपण ऑर्डर टाकत असेल, तरच व्हीपीएसचा फायदा. तुम्ही स्वतः पडदा बघून क्लिक करणार असाल तर पडद्याचं चित्र तिथून तुमच्याकडे यायचं आणि क्लिक परत तिकडे जायचं. अंतर तेवढंच राहतं. शिवाय डोळ्याने बघून बोट हलायला माणसाला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतातच. व्हीपीएस मागायला आलेल्या कित्येकांना आम्ही हे समजावून परत पाठवलं आहे.

मशीनबद्दल थोडक्यात. असं बरंचसं सॉफ्टवेअर मुख्य काम एकाच कोअरवर करतं, म्हणून कोअर किती यापेक्षा एक कोअर किती चपळ हे बघा. रॅम संपून डिस्कवर भार जाणार नाही एवढी हवी. नेटवर्क कार्डाची वीजबचत बंद करा आणि वाय-फाय सोडून लॅन केबल लावा. वाय-फायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीचे ताटकळतात.

एक काम मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. एका तरुणाने स्वतःचा बॉट, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणारा प्रोग्रॅम, लिहिला होता. लाइन उत्तम, मशीन उत्तम, तरी प्रत्येक ऑर्डरला २०० मिलिसेकंद जास्त लागायचे. दर वेळी तेवढेच. ताई म्हणाली, "गर्दीचा उशीर कमीजास्त होतो. हा नेमका आहे, म्हणजे कोणीतरी ठरवून थांबतंय." निघालंही तसंच. त्याचा प्रोग्रॅम ऑर्डर दोन तुकड्यांत पाठवत होता, आधी हेडर (मजकुराआधीची माहिती), मग मजकूर. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे पहिल्या लहान तुकड्याची पोच आल्याशिवाय दुसरा लहान तुकडा निघत नाही. आणि समोरचं मशीन, पोच एकत्र देता येईल म्हणून, थोडं थांबतं. दोघं एकमेकांची वाट बघत राहतात. ही वाट बघणं बंद करणारं टीसीपी नोडिले हे सेटिंग चालू केलं, दोन्ही तुकडे एकत्र पाठवले आणि तो उशीर गेला. त्या पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो.

काही कामं आम्ही घेत नाही. आपलं ठिकाण लपवून बंदी असलेल्या जागेवरून व्यवहार करायचे असतील तर त्याची मांडणी करून देत नाही. जिथे हा व्यवहार कायदेशीर आहे तिथलाच ग्राहक घेतो. आणि मशीनच्या वेगामुळे हरलेले पैसे परत मिळतील या आशेने आलेल्याला काही विकत नाही. चालू सामन्यात तर एक्सचेंज स्वतःच ऑर्डर काही सेकंद रोखून धरतं. घरी दिसणारं थेट प्रक्षेपण वीस-तीस सेकंद मागे असू शकतं. भाव आधी कोसळतो आणि गोल नंतर दिसतो तो त्यामुळे, मशीन जुनं आहे म्हणून नव्हे. एका गृहस्थांनी कर्ज काढून सर्वात महाग मशीन मागितलं होतं. ताईने त्यांच्यासमोर सात दिवसांची नोंद ठेवली आणि म्हणाली, "दादा, तुमच्या लाइनमध्ये दोष नाही. आम्ही काही देणार नाही, आणि तुम्ही काही दिवस हे बंद ठेवा." ते रागावून गेले. त्या निर्णयाबद्दल आमच्या दोघांच्याही मनात किंतु नाही.

आज आम्ही चौघं आहोत. सध्या ताईच्या टेबलावर दोन लाइनींचा राउटर आहे. तार तुटली की तो सिमकार्डच्या नेटवर जातो, पण नेटवरचा पत्ता बदलल्यामुळे जुनी जोडणी तुटते आणि सॉफ्टवेअरला पुन्हा लॉगिन करावं लागतं. कालच्या चाचणीत त्याला ४० सेकंद लागले. तेवढा वेळ आधी टाकलेली ऑर्डर एक्सचेंजवर तशीच उभी असते. म्हणून तूर्तास प्रत्येक ग्राहकाच्या फोनवर, वेगळ्या कंपनीच्या सिमवर, सगळ्या ऑर्डर रद्द करायची सोय आम्ही लावून देतो आणि तार हाताने काढून ती सोय एकदा त्यांनाच वापरून बघायला लावतो.