उणे चिन्हाचा तिढा एका शून्याने सुटला

अखेर जमलं! एक्सेलच्या व्हीबीएमध्ये (मॅक्रो लिहायच्या भाषेत) बनवलेल्या युजरफॉर्मवरचा, म्हणजे माहिती भरायच्या खिडकीतला, टेक्स्टबॉक्स आता उणे संख्या घेतो, दशांश घेतो आणि कुठूनही पेस्ट केलं तरी अक्षर आत येऊ देत नाही.

मागच्या नोंदीत गाडी कीप्रेसवर, म्हणजे कळ दाबली की उडणाऱ्या इव्हेंटवर, थांबली होती. कीॲस्की (दाबलेल्या अक्षराचा क्रमांक) 48 ते 57 च्या, म्हणजे 0 ते 9 या अंकांच्या, बाहेर गेला की त्याला शून्य करून ते अक्षर रद्द करायचं, एवढाच तो कोड. टाइप करणाऱ्यापुरता उत्तम, पण शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट केलेला मजकूर कीप्रेसला कळतच नाही. म्हणून सगळी तपासणी मजकूर कसाही बदलला तरी उडणाऱ्या चेंज इव्हेंटमध्ये हलवली: मजकूर बिघडला की आधीचा चांगला मजकूर परत ठेवायचा. आणि तिथेच खरी डोकेदुखी सुरू झाली.

-12 लिहायचं तर आधी नुसतं उणे चिन्ह पडतं. मजकूर संख्या आहे का ते सांगणाऱ्या इझन्यूमेरिक फंक्शनच्या मते ती संख्या नाही, त्यामुळे चिन्ह लगेच पुसलं जातं आणि -12 कधीच लिहिता येत नाही. .5 ची तीच गत. उलट कंसातला (12) त्याला चालतो, उणे बारा म्हणून! 1ई5 म्हणजे 1 वर पाच शून्यं, एक लाख, तेही चालतं. हवं ते अडवतो आणि नको ते सोडतो, असलं फंक्शन एकट्याच्या भरवशावर ठेवू नये, असं माझं ठाम मत झालंय.

आधी अपवाद लिहून पाहिले: नुसतं उणे, नुसता बिंदू, उणे आणि बिंदू, रिकामा बॉक्स. इफ लांबतच गेला. मग वेगळा विचार सुचला. अर्धवट संख्या ही चुकीची संख्या नसते, तिला फक्त पुढचा अंक हवा असतो. मग तपासताना तो आपणच द्यावा! मजकुराच्या शेवटी "0" जोडून इझन्यूमेरिकला विचारलं. "-" चं "-0" झालं, "." चं ".0", रिकाम्याचं "0". सगळे पास. "5-" चं "5-0" झालं आणि नापास, अगदी हवं तसं. चार अपवादांच्या जागी एक जोडणी! हा कोड पुन्हा पुन्हा चालवून बघताना फार मजा आली.

मात्र "1ई" ला शून्य जोडलं की "1ई0" होतं आणि ते सुटतं. म्हणून त्याआधी लाइकची (मजकूर नमुन्याशी जुळवून बघणाऱ्या ऑपरेटरची) चाळणी लावली: "*[!0-9.-]*" जुळलं, म्हणजे अंक, बिंदू, डॅश सोडून काहीही सापडलं, की मजकूर बाद. यातला डॅश शेवटीच ठेवा, मध्ये ठेवला तर तो 0-9 सारखा पल्ला समजला जातो. रेगएक्स (नमुने जुळवायचं जास्त ताकदीचं साधन) वापरा असं कुणी सुचवेल, पण व्हीबीस्क्रिप्टचं रेगएक्स मॅकवर चालत नाही. एवढ्याशा कामाला लाइक पुरे.

जुना मजकूर परत ठेवताना चेंज पुन्हा उडतो आणि इव्हेंट थांबवणारं एक्सेलचं एनेबलइव्हेंट्स बंद करून उपयोग नाही, युजरफॉर्म त्याला जुमानत नाही. पण परत ठेवलेला मजकूर वैधच असल्याने दुसरी फेरी गुपचूप निघून जाते.

आता बॉक्स पुष्कळ आहेत, म्हणून विथइव्हेंट्सचा क्लास केला, म्हणजे सगळ्या बॉक्सचे इव्हेंट एकाच कोडने हाताळता येतात. त्यात एक्झिट (बॉक्समधून बाहेर पडताना उडणारा इव्हेंट) मिळत नाही, त्यामुळे किमान-कमाल मर्यादा तपासायला प्रत्येक बॉक्सचा एक्झिट फॉर्मच्या कोडमध्ये लिहायचा विचार होता. हे लिहितानाच तो बदलला. मर्यादा बॉक्सच्या टॅगमध्ये (जादा टीप ठेवायच्या प्रॉपर्टीत) "0;100" अशी ठेवली तर क्लास ती स्प्लिटने तोडून वाचेल, चेंजमध्येच बॉक्सचा रंग बदलेल आणि सगळे बॉक्स ठीक होईपर्यंत सेव्हचं बटण बंद राहील. एक्झिटमध्ये कॅन्सल = ट्रू करून माणसाला बॉक्समध्ये अडकवून ठेवणं मला तसंही पटत नव्हतं.

त्याआधी दशांश चिन्हाचं बघायला हवं. जिथे विंडोजमध्ये स्वल्पविराम हेच दशांश चिन्ह आहे, तिथे चाळणीतला बिंदू चालणार नाही. संख्येचा मजकूर करणाऱ्या सीस्ट्र(1.1) चं दुसरं अक्षर घेतलं की विंडोजचं चिन्ह मिळतं, ते चाळणीत घालेन. आणि बेरजेआधी मजकुराचं संख्येत रूपांतर सीडबल फंक्शनने करेन, कारण त्याच कामाचा व्हॅल फक्त बिंदू ओळखतो आणि स्वल्पविरामापाशी थांबतो.